दुसऱ्या अल्फाची साक्ष

१९ मार्च २०२६, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. महिनाभराच्या प्रयोगातल्या अल्फा नोंदी पाच. दिघीच्या घरात काशिफा लॅपटॉपसमोर बसत होती आणि लगेच उठत होती. न्यूट्रॉनांची तूट असलेला युरेनियमचा नवा समस्थानिक सापडल्याचा तिचा दावा या पाच नोंदींवरच उभा होता, आणि तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना संध्याकाळी सहा वाजेपर्यंत खात्रीच्या नोंदींचा आकडा हवा होता.

“रोज्यात एवढ्या येरझाऱ्या? फरशी झिजेल, बेटा,” अब्बा म्हणाले. ईदचा चाँद दिसल्याच्या साक्षी तपासणाऱ्या गावच्या चाँद कमिटीत ते होते.

“अब्बा, अणू अल्फा कण टाकतो आणि दुसराच अणू बनतो. मग तोही त्याच जागी आपला ओळखीचा अल्फा टाकतो. तीच पहिल्याची साक्ष. पण दोन नोंदींत हा दुसरा अल्फा डिटेक्टरच्या त्याच चौकटीत नाही, शेजारच्या चौकटीत दिसतोय. धरून टाकू?”

“‘शेजाऱ्याने चाँद पाहिला म्हणे,’ असं सांगत येणाऱ्याची साक्ष आम्ही धरतो का?”

“तुमची ईद फार तर एक दिवस लांबते. माझी चार वर्षं जातील!”

“जातील. तरी विचारतोय, धरतो का?”

काशिफा खिडकीपर्यंत जाऊन परतली. तिने दोन्ही नोंदी वगळल्या आणि उरलेल्यांवर दावा टिकेल की नाही हे न कळताच मार्गदर्शकांना लिहिले: खात्रीच्या नोंदी ३.