मिस पेनफोल्डची लिहिण्याची पेटी

मी एक लिहिण्याची पेटी. अक्रोडाच्या लाकडाची, उतरत्या झाकणाची. इंग्लंडात, लँकशायरमधल्या एका कापडगिरणीच्या गावात पाद्री पेनफोल्डसाहेबांनी मला आपल्या थोरल्या लेकीसाठी, ऑगस्टासाठी, घेतलं.

ऑगस्टाबाई रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी धर्मकथा लिहायच्या. प्रत्येक कथेत एक गुणी मूल आजारी पडायचं आणि शेवटच्या पानावर हसत हसत देवाघरी जायचं. माझ्या झाकणावर अशी अकरा मुलं गेली. बाई लिहिताना रडायच्या, मग टिपकागद दाबून चहाला जायच्या. मला त्याची सवय झाली होती.

एका मंगळवारी दुपारी गिरणीतली हॅना ब्रॅग आली. शालीला कापसाचे तंतू चिकटलेले. लेकीला शाळेत बक्षीस मिळालेलं बाईंचं पुस्तक तिनं माझ्यावर ठेवलं.

"मिस, माझी लेटी गेली. घटसर्पानं."

"देवाच्या कुशीत आहे ती, हॅना."

"तेच विचारायला आले. पुस्तकातली पोर हसत जाते. माझी नाही हसली. मला ओरबाडत होती, नको नको म्हणत होती. म्हणजे देवानं तिला घेतलं नाही का?"

बाईंचे हात माझ्यावर होते.

"मी कुणाला मरताना पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "ती पानं मी मनानं रचली."

"सगळी?"

"सगळी."

"मग आधी सांगायचंत की, बाई! तीन आठवडे मी त्या पोरीवर रागावलेय."

हॅना निघून गेली. पुस्तक तिथंच राहिलं.

बाईंनी नवं पान लिहिलं. त्यातलं मूल घाबरतं, रडतं, आईला सोडत नाही. आणि देव त्याला तसंच, रडतं, उचलून घेतो. या वेळी बाई रडल्या नाहीत.

पाद्रीसाहेबांनी ते वाचलं. "हे कोण छापणार, ऑगस्टा?"

कुणीच छापलं नाही. प्रकाशकानं शेवट गोड करून मागितला. बाईंनी एक अक्षरही बदललं नाही. मला काखेत मारून त्या हॅनाच्या घरी गेल्या आणि ते पान तिला वाचून दाखवलं.

हॅना चुलीकडे बघत होती. म्हणाली, "हो. अशीच होती."

बाईंनी पुढं काही लिहिलं नाही. त्या वारल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीनं माझ्यात सुया आणि बटणं भरली. मला त्याचं बरं-वाईट काही वाटत नाही. फक्त माझ्या खणातलं बाईंचं ते शेवटचं पान सुयांना गुंडाळायला घेऊ नका.