शालीत गुंडाळलेली रीसलिंग

मित्रांनो, मी रीसलिंग नावाच्या पांढऱ्या वाइनची एक जुनी बाटली आहे. हिरवी, लांब मानेची. सध्या कॅनडातल्या सस्काटूनच्या एका घरात सिंकशेजारी रिकामी उभी आहे. उद्या रिकाम्या बाटल्यांच्या पिशवीत जाईन, तेव्हा माझी हकीकत आजच ऐका.

माझं माहेर जर्मनीत, मोझेल नदीच्या काठावर. तिथले द्राक्षमळे इतक्या उभ्या चढावर आहेत की माणसाला धड उभं राहता येत नाही. जमिनीत माती कमी आणि पाटीच्या काळ्या दगडाच्या चिपा जास्त. त्या दिवसभर तापतात आणि ऊन उतरल्यावर वेलींना ऊब देतात. द्राक्षं हातानेच खुडावी लागतात. एवढ्या कष्टांतून आलेली मी, त्यामुळे मला थोडा तोरा होता. खोटं कशाला बोलू?

नऊ वर्षांपूर्वी सूर्यकांत आणि चित्राताई तिथे फिरायला आले. सूर्यकांत इथल्या खाणीतले निवृत्त इंजिनिअर. चित्राताईंनी आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. मळेवाल्या बाईंनी फारच आग्रह केला म्हणून त्यांनी नाक मुरडत एक घोट घेतला.

"अहो, ही तर पन्ह्यासारखी आंबटगोड आहे!"

तिखट जेवणाबरोबर हिची खरी मजा, जिभेची आग ही शांत करते, असं मळेवाल्या बाईंनी सांगितलं. चित्राताईंचं लगेच ठरलं. "मग माझ्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर उघडू. ऋषी घरी आला की." ऋषी म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सला नोकरी करणारा.

सस्काटूनला आल्यावर मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडला. स्वयंपाकघरात देवघर. "देवांसमोर दारू नको गं बाई," म्हणत चित्राताईंनी मला बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत नेलं. बाहेर उणे पस्तीस. ही गारठेल, म्हणून त्यांनी आपली जुनी लोकरी शाल मला गुंडाळली आणि फर्नेसला टेकवून उभं केलं. मित्रांनो, मला अंधार हवा, गारवा हवा. बूच वाळू नये म्हणून आडवं निजायला हवं. हे त्यांना कोण सांगणार? इतक्या मायेने कुणाचा घात झाला नसेल.

तीनदा मला वर आणलं. तीनदा तिखलं शिजलं. एकदा ऋषीचं ऑफिसचं काम निघालं, एकदा वादळ आलं, एकदा "नेक्स्ट समर, आई, प्रॉमिस." तिखलं डब्यात भरून फ्रीजरमध्ये गेलं आणि मी परत शालीत.

"अगं, आपण दोघं आहोत ना? उघडू की," सूर्यकांत म्हणायचे.

"त्याच्यासाठी आणलीय ती. तुम्ही गप्प बसा."

या फेब्रुवारीत चित्राताई गेल्या. हृदयविकाराचा झटका आला आणि तासाभरात सगळं संपलं. ऋषी तिसऱ्या दिवशी पोहोचला. दिवसकार्य उरकल्यावर सूर्यकांतनी फ्रीजरमधला शेवटचा डबा काढला. त्यावर चित्राताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तिखलं – ऋषी'. मग ते मला घेऊन आले.

बुचाचा भुगा होऊन आत पडला. ग्लासात ओतली तर मी चहासारखी तपकिरी! ऋषीने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"बाबा, इट्स गॉन बॅड. पिऊ नका. इतकी वर्षं का ठेवली? यू शुड हॅव जस्ट ओपन्ड इट."

"तुझ्या आईला सांग."

सूर्यकांतनी तिखल्याचा घास घेतला आणि माझा ग्लास तळापर्यंत रिकामा केला. माझ्यात आता आंबट नव्हतं की गोड. होती ती नुसती कडू चव.

"छान लागतेय," ते म्हणाले. "तिखटाबरोबर छान लागते. ती म्हणालीच होती."

ऋषी उठला आणि बापाकडे पाठ करून उरलेली मी सिंकमध्ये ओतू लागला. त्याने नळ बराच वेळ सोडून ठेवला होता.

मित्रांनो, घरात कुणासाठी काही राखून ठेवलं असेल तर ते आज उघडा. आणि कुणी तुमच्यासाठी काही राखून ठेवलं असेल, तर तिकीट कॅन्सल करू नका. मला वाट पाहणं जमलं नाही. चित्राताईंनाही जमलं नाही.