वाटणीच्या भिंतीला ठोकलेली शिडी

मित्रांनो, खरं तर मी जुनी नाही. पण या घरात माझा उल्लेख "ती पुरानी झंझट" असाच होतो, म्हणून मी आपली जुनीच. मी मुलांनी चढायची, लोंबकळायची लाकडी भिंत आहे. दोन उंच खांब, त्यांच्यामध्ये गोल दांड्या, वर पुढे आलेला एक आडवा दांडा आणि त्याला टांगलेल्या दोन रिंगा. दुकानात माझं नाव जिमवॉल होतं. घरात सगळे शिडी म्हणतात.

इंदूरजवळ बेटम्याच्या रस्त्यावर एक सुतारकामाचा कारखाना आहे. तिथे शाळेच्या बाकांच्या शेजारी माझा जन्म झाला. मला रंधा मारला, घासून घासून गुळगुळीत केलं, पॉलिश दिलं. आता लहान मुलांचे हात लागतील म्हणून मी खूश होते. पण इंदूरच्या दुकानात मला पहिला हात लागला तो क्षितिजाचा, आणि तो हात प्रेमाचा नव्हता.

क्षितिजा नाशिकची, एम.एस्सी. झालेली, लग्न होऊन बडा गणपतीजवळच्या घरात आलेली. तिचा मुलगा मानस पहिलीत होता आणि खिडकीच्या गजांना धरून थेट पडद्यावरच्या पेलमेटपर्यंत जायचा. कुठेतरी पडण्यापेक्षा याला चढायला नीट जागा द्यावी, असं तिनं ठरवलं होतं. दुकानात माझ्या शेजारी गुलाबी प्लास्टिकची घसरगुंडी होती, एक लोखंडी सांगाडाही होता. तिनं आम्हा सगळ्यांची झडती घेतली. माझ्या प्रत्येक दांडीवरून तळवा फिरवला, कुसळ टोचतं का बघायला. दोन दांड्यांमधून डोकं अडकेल का म्हणून स्वतःचं डोकं घालून पाहिलं. पॉलिशचा वास घेतला. तिचा नवरा प्रणव लाजून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दुकानदार म्हणाला, "भाभीजी, हाथी लटका दो, कुछ नी होगा."

"हत्ती नाही लटकणार. माझा मुलगा लटकणार आहे," क्षितिजा म्हणाली.

मला ती अजिबात आवडली नाही. चोराला न्याहाळावं तसं तिनं मला न्याहाळलं होतं. तरीही तिनं मलाच निवडलं. निघताना दुकानदारानं बजावलं, की मला बसवायला नऊ इंची पक्की भिंत लागते, आणि त्याचा कारागीर दसऱ्यानंतर येऊन बसवून देईल. तिनं ते दोनदा विचारून घेतलं.

मी घरी पोचले ती दसऱ्याच्या सकाळी. प्रणवची आई, सुलोचनाबाई, दारातच अडून बसल्या. दसऱ्याला आलेली चीज दसऱ्यालाच बसली पाहिजे, मुहूर्ताची वस्तू कोपऱ्यात तोंड लपवून उभी ठेवायची नसते. क्षितिजा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. तेवढ्यात प्रणवनं शेजारच्या आशिषला ड्रिल घेऊन बोलावलं आणि बैठकीतली सगळ्यात रिकामी भिंत धरली.

ड्रिल भिंतीत घुसलं तेव्हा आशिष हसला. "भिया, ये दीवार तो मक्खन है."

दोघेही हसले. मला हसू आलं नाही. भातात चमचा फिरावा तसे माझे वरचे बोल्ट त्या भोकांत फिरत होते. फिरता फिरता ते कुठेतरी अडकले आणि दोघांनी टाळी दिली.

ती वाटणीची भिंत होती. प्रणवचे वडील आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले तेव्हा मोठ्या बैठकीचे दोन तुकडे करायला रातोरात उभी केलेली, विटा कडेवर उभ्या रचून केलेली पातळ भिंत. पलीकडे सुलोचनाबाईंची जाऊ मनोरमा राहायची. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सुलोचनाबाईंना घरातल्या इतर कशाचाही नसेल एवढा त्या भिंतीचा अभिमान होता.

मग माझी पूजा झाली. हार, हळदीकुंकू, आपट्याची पानं, पायाशी नारळ. पुरणाचे हात तसेच घेऊन क्षितिजा बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटाच्या पेरांनी तिनं भिंत ठोकली आणि कान लावला. मग म्हणाली, ही इथून काढा.

"पूजा झालेली चीज उखडायची नसते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि ही भिंत आमच्या ह्यांनी बांधली आहे. तिच्यावर तू शक घेते?"

त्या दिवसापासून घरात लढाई सुरू झाली आणि रणांगण मी होते. क्षितिजानं मानसला माझ्यावर चढायला बंदी केली. ती कॉलेजात शिकवायला गेली, की आजी त्याला चढवायच्या आणि वर टाळ्या वाजवायच्या. उरलेला वेळ माझ्या दांड्यांवर ओले टॉवेल वाळायचे. क्षितिजानं दुकानाच्या कारागिराला बोलावलं, तर सुलोचनाबाईंनी त्याला दारातच चहा पाजून परत पाठवला. रोज सकाळी झाडताना क्षितिजाला माझ्या पायाशी लाल भुगा सापडायचा. ती तो चिमटीत घेऊन प्रणवला दाखवायची. सासू म्हणायच्या, दिवाळीचे दिवस आहेत, रांगोळीचा लाल असेल. प्रणव म्हणायचा, तुला प्रत्येक गोष्टीत अपघातच दिसतो. शेवटी घरात तिला तोंडावर "पागल" म्हणायला लागले. हळू आवाजात नाही, जेवताना, भाजी वाढता वाढता.

मला माहीत होतं तो भुगा कशाचा आहे. पण मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं.

भाऊबीजेला प्रणवची बहीण विनीता मुलांना घेऊन आली. ओवाळणीचं ताट तयार होत होतं. क्षितिजा आत करंज्या काढत होती, आणि बैठकीत सुलोचनाबाई पाहुण्यांना माझी करामत दाखवत होत्या. विनीताची दोन्ही मुलं माझ्यावर चढली, मानस त्यांच्याही वर, रिंगांना लोंबकळत. माझा वरचा डावा बोल्ट हळूच पुढे सरकला. पाठीमागे विटेचा तुकडा फुटला.

क्षितिजा दारात आली. तिची नजर आधी जमिनीवर गेली, मग वर.

"सगळे खाली या. आत्ता."

"उतरा रे बाळांनो," सुलोचनाबाई म्हणाल्या, "नाहीतर मामीला पागलपणाचा दौरा पडेल. सणाच्या दिवशी पण चैन नाही हिला."

मुलं उतरली. क्षितिजानं त्यांना पार दारापर्यंत ढकललं. मग पैठणीचा पदर कमरेला खोचला, माझ्या सगळ्यात वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलून सगळ्या अंगानिशी हिसका दिला. एकदा. मग पुन्हा.

मी भिंतीतून सुटले. तिला घेऊनच मी खाली आले. ती बाजूला लोळली, पण तिचं मनगट माझ्या खांबाखाली सापडलं. ओवाळणीचं ताट उडालं. भिंतीत हात जाईल एवढी दोन भोकं पडली आणि त्यातून पलीकडच्या मनोरमाचा आवाज आला, कित्येक वर्षांनी.

"सुलोचना, माझ्या देव्हाऱ्यात वीट पडली."

सुलोचनाबाईंनी भोकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "हिने तोडली," त्या म्हणाल्या. "भाऊबीजेच्या दिवशी मुद्दाम तोडली."

विनीता मुलांची डोकी चाचपत होती. "आई, तू आता गप्प बस," ती म्हणाली. प्रणवनं माझा एक बोल्ट उचलला. त्याच्या तळहातावर लाल भुगा सांडला. क्षितिजाचा हात सुजायला लागला होता, तिला दवाखान्यात न्यायला तो गाडीची किल्ली शोधू लागला.

तिचा हात बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. मग दुकानाचा कारागीर आला. त्यानं मला रस्त्याकडच्या नऊ इंची भिंतीत बसवलं आणि भिंतीच्या आरपार लोखंडी पट्टी लावली. या वेळी मुहूर्त नव्हता आणि सासू खोलीतून बाहेरही आल्या नाहीत. ती भोकं कुणी बुजवायची यावरून दोन्ही घरांत अजून भांडण चालतं. निदान बोलणं तरी सुरू झालं, असं म्हणायचं असेल तर म्हणा.

क्षितिजा मला अजूनही आवडत नाही. ती अजूनही मला चोराला न्याहाळावं तशी न्याहाळते. परवा मानसनं माझ्या खालच्या दांडीवर पाय ठेवला तेव्हा ती आत होती. शेजारच्या पलंगावर मटार सोलत बसलेल्या सुलोचनाबाईंनी मान वर न करता त्याचा शर्ट धरला.

"उतर," त्या म्हणाल्या. "आधी तुझ्या मम्मीला लटकू दे. पागल तर ती आहेच. तिचं काय बिघडणार?"

आणि क्षितिजा येऊन लटकेपर्यंत त्यांनी त्याचा शर्ट सोडला नाही.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. माझा जोर माझ्यात नसतो, पाठीमागच्या भिंतीत असतो, आणि ती कशी आहे हे मी सांगू शकत नाही. म्हणून माझ्यावर चढण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला मला गदागदा हलवायला सांगा. मला राग येईल. येऊ दे.