मारुतीच्या अंगावरची खपली

या मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि असे पुढे सरका. आमच्या नवघरच्या मारुतीची गोष्ट सांगतो. 

मारुतीरायावर वर्षानुवर्षांचा शेंदूर चढलेला. नाक-डोळे पार बुजलेले. जयंतीआधी जुना थर काढून नवा लेप द्यायचं ठरलं. काम धर्मा रंगाऱ्याकडे आलं. त्यानं तोंडाला फडकं बांधलं, खाली ओलं गोणपाट अंथरलं, आणि पाणी मारत मारत थर सोडवू लागला. कोरडं घासायचं नावच नाही. "शेंदरात शिसं हाय, धूळ उडता कामा न्हाय," म्हणायचा. निघालेल्या खपल्या झाकणाच्या डब्यात.

दुपारी जेवायला घरी गेला, तर ओसरीवर बायको मंजुळा. मांडीवर दीड वर्षांची नात चांदणी. पोरीचे ओठ केशरी.

"हे काय?"

"देवाच्या अंगावरची खपली. सकाळी देवळात खपल्यांसाठी डबा आणून दिला ना तुम्हाला, तवाच मूठभर काढली. त्यातली जराशी मधात उगाळून चाटवली. पोरीला दृष्ट लागते सारखी."

धर्मानं तिच्या पदरानं पोरीचे ओठ पुसले. "किती चाटवलीस?"

"बोटभर. असं काय बघताय? देवाचंच हाय ना!"

"मंजुळे, रामूचे हात आठव!"

रामू त्याचा जोडीदार. जन्मभर जुना रंग कोरडाच घासला, त्याच हातांनी भाकर मोडली. "मी पचवतो रे सगळं," म्हणून हसायचा. शेवटी पोटात कळा, आणि पाण्याचा पेलाही हातात धरवेना. तसाच गेला.

मंजुळेनं पोरीला उचललं आणि दोघं दवाखान्याकडे निघाले. रिक्षा केबिन रोडला गर्दीत अडकली. पोर एकदा ओकली, मग पेंगू लागली. "चांदणे, डोळे उघड गं, आजीकडे बघ," मंजुळा तिला हलवत राहिली. धर्मा रामनाम घेत होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. अहवाल दोन दिवसांनी. ते दोन दिवस मारुती तसाच राहिला, एक डोळा उघडा, एक बुजलेला. धर्माला त्याच्याकडे बघवेना. मंजुळेनं शेजारच्या दोघींनाही खपल्या दिल्या होत्या. ती रडत जाऊन परत घेऊन आली.

शिसं चढलं होतं, पण थोडं. पोर वाचली. महिन्यानं पुन्हा तपासायचं आहे.

जयंतीला देवाचे दोन्ही डोळे दिसले. तुम्ही दर्शनाला जाल, बोटाला शेंदूर लागेल. प्रसाद तोंडात टाकण्याआधी हात धुवा, आणि धुताना आमच्या रामूची आठवण काढा.