मिरी काळी की पांढरी

"नव्याण्णव वर्षं! अगं, तोवर समुद्रसुद्धा कंटाळून दुसऱ्या गावी जाईल," असं म्हणून म्हाताऱ्या मिसेस टिंडल खळखळून हसल्या होत्या. ऑड्री पेनफोल्डला तो आवाज अजून आठवतो. वरचा मजला तिने त्यांच्याकडून घेतला, त्या दिवशीचा तो आवाज. घर ऑड्रीचं, पण नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. जमीन, भिंती, छप्पर टिंडलांचं. तेव्हा नव्याण्णव म्हणजे कायमचंच वाटलं होतं.

म्हातारी गेली. तळमजला आणि मालकी मुलाकडे, सिरिलकडे आली. वर ऑड्रीची पावलं, खाली सिरिलचा रेडिओ. त्याचं छत ती तिची जमीन. सीफर्डच्या किनाऱ्यावरचा वारा दोघांच्या खिडक्या सारख्याच वाजवायचा. पण एवढ्या वर्षांत तो 'मिस पेनफोल्ड'च्या पुढे गेला नाही, की ती 'मिस्टर टिंडल'च्या.

आता पट्ट्याची मुदत सरत सरत ऐंशीवर येऊन टेकली होती. पंचवीस मार्चला, म्हणजे लेडी डेच्या सणाला, ती ऐंशीच्या खाली घसरणार. एकदा घसरली की वाढवून घ्यायचा खर्च भसकन चढतो, आणि असं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक जिन्यातूनच मागे फिरतं. ऑड्रीला तर गिऱ्हाईक हवं होतं. श्रूजबरीची बहीण आयव्ही दर रविवारी फोनवर म्हणायची, "ये की माझ्याकडे. तिथे तुला अडवणारं आहे तरी कोण?" या प्रश्नाला ऑड्रीकडे उत्तर नव्हतं. म्हणून शेवटी तिने येते म्हटलं होतं.

तिचा वकील म्हणाला, "मुदत वाढवून मागणारी रीतसर नोटीस द्या. नोटिशीची तारीख धरली जाईल, मग त्यांनी कितीही वेळ घालवला तरी तुमचं बिघडणार नाही."

"खालच्या माणसाला नोटीस?" ऑड्री दचकलीच. "अहो, मी झोपलेली असले तर माझं दूध आत घेऊन ठेवतो तो!"

नोटीस राहिली. त्याऐवजी सभ्यपणाने पत्रं सुरू झाली. पत्र वरच्या मजल्यावरून गावातल्या वकिलाकडे जायचं, तिथून लूइस गावातल्या सिरिलच्या वकिलाकडे, आणि तिथून परत त्याच घराच्या खालच्या मजल्यावर. अंतर एका जिन्याचं, प्रवास पंधरवड्याचा. आणि त्या जिन्यात दोघांची गाठ पडली की बोलणं काय, तर आज वारा फिरलाय.

सिरिलच्या शंका काही संपेनात. नकाशावरची लाल रेघ दारातल्या पायरीच्या अलीकडे असावी की पलीकडे? कोळसा साठवायचं जुनं तळघर कोणाच्या वाट्याचं? त्यात तर कित्येक वर्षांत कोळीसुद्धा राहायला गेला नव्हता. सही परक्या साक्षीदारासमोर व्हायला हवी, तर योग्य साक्षीदार आणायचा कुठून? हिवाळा सरला, बागेत डॅफोडिल्स डोलायला लागली, आणि लेडी डेच्या आदल्या सकाळी वकिलाचा फोन आला. नव्या करारात, जुन्या रिवाजाप्रमाणे, वर्षाचं भाडं म्हणून एक मिरीदाणा होता, निव्वळ नावापुरता. "त्यांचं म्हणणं आहे," वकील घसा खाकरून म्हणाला, "की मिरी काळी की पांढरी, हे करारात स्पष्ट नाही."

ऑड्री आधी हसली. हसता हसता तिचे कान तापले. फडताळातल्या मिरीच्या दोन्ही बरण्या तिने उचलल्या, करार काखेत मारला, दाराशी पत्रं टाकणाऱ्या ग्लेनिसला दंडाला धरून आत घेतलं आणि खालचं दार वाजवलं.

"मिस्टर टिंडल, ही काळी, ही पांढरी. निवडा."

"अहो, आत तरी या. केक आहे, शहाजिऱ्याचा."

"केक नंतर. आधी मिरी."

सिरिलने चष्मा लावला. बरणी उजेडात धरली. "काळी जरा गडद वाटते."

"मिस्टर टी," ग्लेनिस म्हणाली, "माझ्या पिशवीत अख्ख्या गल्लीची पत्रं आहेत. तुम्ही मिरी निवडताय की नवरी?"

सिरिल असा खोकला की बरणी टेबलावर आपटली. "काळी. काळीच असू द्या."

"मग करा सही."

"पेन उमटत नाही."

"हे माझं घ्या."

मग काय करतो बिचारा! बोटीचा दोर सोडावा तशी सावकाश, एकेक अक्षर सोडत त्याने सही केली. सिरिल ऑगस्टस टिंडल.

"ऑगस्टस?" ऑड्रीने विचारलं.

"आईची हौस."

ग्लेनिसने साक्षीची सही ठोकली, केकचा तुकडा तोंडात टाकला आणि गेली. वाऱ्याने दार तिच्यामागे धाडकन लागलं. आता खोलीत दोघंच, आणि आज सिरिलचा रेडिओही बंद.

"आता विक्रीची पाटी लागेल," तो म्हणाला.

"लागेल. आयव्ही वाट बघतेय."

"श्रूजबरीला समुद्र नाही."

"नाही."

"नदी आहे म्हणे."

"आहे."

"नदी म्हणजे सारखी निघून जाणारी."

ऑड्रीने करार उचलला. एवढे महिने तिला हवी होती ती सही तिच्या हातात होती, आणि हात हलके व्हायच्या ऐवजी जड झाले होते. ती दारापर्यंत गेली.

"मिस पेनफोल्ड, ती लाल रेघ पहिल्यापासून बरोबर होती."

"ठाऊक आहे मला."

"आणि मिरीतलं मला काही कळत नाही."

"तेही ठाऊक आहे. मग सबंध हिवाळाभर हे काय चाललं होतं तुमचं?"

सिरिलने चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. काचांवर काहीच नव्हतं.

"जाऊ नका, ऑड्री," तो म्हणाला.