मोडतोडीचा पाढा

साहेबाच्या मनात किसनसिंग मास्तरला सोडायचंच होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे केनवड गावात ज्याच्या तोंडी जे आलं ते त्यानं सांगितलं आणि साहेबाचा पार राक्षस करून टाकला.

बेचाळीसचा भादवा होता. दूरच्या एका गावात चावडी जळाली, रेल्वेच्या तारा कुणी कापल्या. मास्तर त्या दिवशी केनवडात नव्हता. दिवस गेलेल्या बायकोला, गोमतीबाईला, माहेराहून आणायला तो इंझोरीला गेला होता. परत आला तो सरळ जमादाराच्या हाती सापडला. माणूस परगावचा, तांड्यावरचा आणि वर इंग्रजी शिकलेला. जमादाराला तेवढं पुष्कळ झालं.

मास्तर दिवसा सरकारी शाळेत शिकवायचा. संध्याकाळी मात्र रंगूबाईच्या रिकाम्या गोठ्यात तो पोरांना फुकट इंग्रजी शिकवायचा, पुढे ती वाशीमच्या इंग्रजी शाळेत टिकावीत म्हणून. रंगूबाई विधवा, तोंडाची फटकळ, पण गोठ्याचं भाडं विचारलं तर अंगावर धावून यायची. तिचा नातूही त्याच पोरांत होता.

इंग्रजी क्रियापदाला मागून अप, डाउन, ऑफ असं एखादं शेपूट लागलं की त्याचा अर्थच पालटतो, आणि पोरं नेमकी तिथंच बुडतात. मास्तरनं त्यावर तोड काढली होती. एका जातीची शेपटीवाली क्रियापदं एकत्र बांधायची आणि पाढ्यासारखी घोकायची, तीही हातवारे करून. येण्याजाण्याचा पाढा कुणाला पाठ होईना. उठण्याबसण्याचा अर्ध्यातच अडायचा. मोडतोडीचा मात्र आठवड्यात तोंडपाठ झाला. पोरंच ती, त्यांना पाडापाडीत जी गोडी ती बाकी कशात असणार? दर शनिवारी मारोतीच्या पारावर ती हा पाढा म्हणायची आणि सगळं गाव कौतुकानं ऐकायचं. मारोतराव पाटील तर अडलेल्या बैलालाही ‘स्मॅश अप करून टाकीन’ म्हणून दटावू लागले होते. पाढ्याचा अर्थ कोण ऐकत बसतो? इंग्रजी आपल्या गावात आलं, एवढीच सगळ्यांना मिजास.

चौकशीला गोरा साहेब आला आणि त्यानं आमराईत तंबू ठोकला. मास्तरला समोर उभं केलं होतं, हातात बेड्या होत्या. मारोतराव पाटलांनी हात जोडून सांगितलं, “साहेब, हा मास्तर गाय आहे. पोरायले शिकवते अन् घरी जाते. दुसरं काही याले येतच नाही.”

साहेबानं कागद चाळले. पुरावा काहीच नव्हता. तो हसून मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, “अंग्रेजी पढ़ाता है? अच्छा. क्या पढ़ाया, हम सुनेगा. फिर घर जाने दो.”

लोकांच्या जिवात जीव आला. गोमतीबाईनं पदर तोंडाला लावला. मास्तरला धरून नेल्यापासून तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. रंगूबाई मात्र तयारीनिशीच आली होती. पोरांना न्हाऊमाखू घालून, टोप्या चढवून तिनं झाडामागे बसवून ठेवलं होतं. मास्तरची विद्या साहेबानं कानानं ऐकावी, मग कोण त्याला धरून ठेवतो ते बघू, असा तिचा हिशेब. पोरं पुढे आली तसा मास्तरचा चेहरा उतरला.

“माय, ते नको,” तो हळूच रंगूबाईला म्हणाला. “येण्याजाण्याचं म्हणू द्या.”

“ते पोरायले येत नाही, मास्तर. मधातच अडतीन. कायले लाजून राह्यले? हेच चांगलं येते त्याह्यले.” आणि तिनं नातवाच्या पाठीवर थाप मारली.

पोरांनी सूर धरला. “पुल डाउन, पाडून टाकणे. बर्न डाउन, जाळून टाकणे. कट ऑफ, तोडून टाकणे. ब्लो अप, उडवून देणे.” प्रत्येक शब्दाला हात वर जात होते, मुठी आवळत होत्या. शनिवारी म्हणत त्याहून मोठ्यानं म्हणाली बिचारी, कारण मास्तरसाठी म्हणत होती.

साहेबाचं हसू मावळलं. जमादार पुढे सरकला.

मास्तरनं इंग्रजीत सांगून पाहिलं की ही परीक्षेची क्रियापदं आहेत, पोरांना हीच लवकर पाठ होतात, दुसरं काही नाही. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण चावडीची राख अजून गरम होती, आणि साहेब आता त्याच्याकडे न बघता पोरांच्या मुठींकडे बघत होता. “सब गाँव को सिखाया,” तो जमादाराला म्हणाला. “अकोला ले जाओ.”

पोरांनी सूर धरला त्या घटकेला मास्तर सुटल्यातच जमा होता, घरी निघाल्यातच जमा होता, आणि ज्यांचा त्याच्यावर जीव होता त्यांनीच त्याला परत आत ढकललं. याचा दोष कुणाला द्यावा? मला अजून ठरवता आलेलं नाही.

बैलगाडीत बसवताना रंगूबाई गर्दीतून वाट काढत आली. तिला काय झालं तेच उमगलं नव्हतं. साहेब एवढा बिघडला म्हणजे पोरांनीच काही घोटाळा केला असणार, असं धरून ती नातवाचा कान पिळत पिळत घेऊन आली होती.

“मास्तर, सांगा मले,” ती रडत म्हणाली, “कुठी चुकले हे मेले?”

मास्तरनं बेड्या घातलेल्या हातांनी त्या पोराचा कान सोडवला.

“नाही माय,” तो म्हणाला. “कुठीच नाही चुकले.”