रिपोर्टात निघालेला राग

रक्ताच्या तपासणीत आजार निघाला, तर शकुनचा फायदाच फायदा होता. संसार राहत होता, सहा महिन्यांची लेक बापाच्या घरी वाढणार होती, आणि भर अंगणात फुलांची टोपली भिरकावल्याचा गुन्हा माफ होत होता. काहीच नाही निघालं, तर सासू जाईबाईंचं म्हणणं खरं ठरत होतं: खोट माहेरच्या रक्तात आहे. मग आजच माहेरची, अकोल्याची गाडी.

त्यासाठी तिचे वडील पुंजाजी भातकुलीत येऊन बसलेच होते. रागासाठी तेही नावाजलेले. आज मात्र दोन्ही हातांनी बशी धरून ओसरीवर अंग चोरून बसले होते. बॅग दाराशी होती. जाईबाईंनी ओटीचा नारळ काढला नव्हता. ओटी न भरता पाठवलेल्या सुनेला परत बोलवायचं नसतं, हे सांगावं लागत नाही.

शकुन झेंडू ओवत होती. हात असा थरथरत होता की सुई फुलापेक्षा बोटातच जास्त जाई. छातीत धडधड. ‘देवा, कायतरी निघू दे,’ असं साकडं घालणारी बाई त्या गावात पहिलीच असावी.

दुपारी नवरा शेखर अमरावतीहून रिपोर्ट घेऊन आला. गाडी लावली, रुमाल सोडला, घोटभर पाणी प्याला.

“बोलशीन का नाही बे?” जाईबाई.

“थायरॉइड हाय. लय वाढला. डॉक्टर म्हने, बाळंतपनानंतर होते कोनाकोनाले. धडधड, थरथर, चिडचिड त्याच्यानंच. गोया देल्ल्या.”

“मी काय म्हनत होती? रक्तातच निघालं ना!”

पुंजाजींना तेवढ्यात धीर आला. “ईहीनबाई, रक्त तपासाले देल्लं त रक्तातच निघन. भाजीत निघन का?”

सगळे हसले. शकुन हसता हसता रडली. पुंजाजी संध्याकाळी एकटेच अकोल्याला गेले, मान वर करून.

दोन-तीन महिन्यांत थरथर गेली. दुसऱ्या तपासणीत आकडे जागेवर आले. मग एका सकाळी शकुनने अगदी हळू आवाजात विचारलं, “आई, माह्या माहेरची शिलाई मशीन मले न इचारता धामनगावले तुमच्या लेकीले, वर्षालीबाईले काहून देल्ली?”

टोपली भिरकावली होती ती याच प्रश्नावर. तेव्हा कोणी प्रश्न ऐकला नव्हता, टोपलीच पाहिली होती.

जाईबाईंनी लेकाकडे पाहिलं. शेखर लगबगीने पाण्याचा गिलास घेऊन आला. आवाजात नुसती माया.

“सकायची गोयी घेतली का वं तू?”

हिशेब असा लागला. जाईबाईंना सून राहिली, शेखरला बायको, पुंजाजींना इज्जत, आणि वर्षालीकडे मशीन. भरलं एकट्या शकुनने. गोळी तिने सकाळीच घेतली होती. तरी गिलास घेतला, पाणी प्याली, आणि पुन्हा झेंडू ओवायला बसली.